हजेरीवरचे दिवाणजी

दिवाणजींची ओळख करून द्यायची गरज नाही. देवासच्या किंवा धारच्या मराठी वस्तीत ते एक तरी असतातच. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, ताटातली पोळी गार झालेली, समोर लॅपटॉप आणि लॅपटॉपात कुस्तीची कंपनी. कुस्ती नव्हे, कंपनी. अ‍ॅडम रायलँड नावाच्या इंग्रज गृहस्थाने बनवलेला ‘टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग’ हा त्यांचा धर्मग्रंथ. या खेळात एकही पैलवान हलताना दिसत नाही, शड्डू ऐकू येत नाही, माती उडत नाही. दिसतात त्या याद्या, टक्के आणि जमाखर्च. कोणाला करारावर घ्यायचे, कोणाची जोड कोणाशी लावायची, कोणत्या गावात खेळ ठेवायचा, रोषणाईवर किती घालवायचे आणि महिनाअखेर तिजोरीत काही उरेल का, एवढ्यातच सगळे नाट्य. घरचे म्हणतात, पोरगा खेळतोय. पोरगा त्या वेळी खांदा निखळलेल्या पैलवानाचा पगार कुठून भरून काढावा या विवंचनेत असतो. घराने त्याला रिकामटेकडा ठरवले आहे, मित्रांनी चिक्कू. माझे म्हणणे असे की माळव्यातल्या मराठी माणसाला गेली दोनशे-तीनशे वर्षे ज्या एका माणसाची सर्वांत जास्त गरज होती तो हाच, आणि तो जन्माला आला तेव्हा त्याच्याकडे सोपवायला संस्थान उरले नव्हते, म्हणून त्याने ते लॅपटॉपात उघडले.

त्याचा सगळा स्वभाव करारात आहे. या खेळात पैलवानाला पैसे द्यायच्या दोन तऱ्हा: तो आखाड्यात उतरेल त्या दिवसापुरते, किंवा दरमहा ठरावीक, मग तो उतरो वा न उतरो. छोट्या कंपनीने महिन्यावरची माणसे वाढवली की ती बुडते, हा दिवाणजींनी बऱ्याच कंपन्या बुडवून शोधलेला सिद्धांत आहे आणि सिद्धांत एकदा हाती लागला की तो लॅपटॉपात मावत नाही. लग्नाच्या बैठकीत बँडवाल्याने आकडा सांगितला की कोपऱ्यातून प्रश्न येतो, “हजेरीवर की महिन्यावर?” बँड महिन्यावर कोण ठेवतो? पण दिवाणजींच्या मते रात्रभराचा ठोक सौदा हाही महिन्यावरचाच प्रकार. वाजलेली गाणी मोजावीत आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत. गणपतीचा मांडववाला, सत्यनारायणाचे गुरुजी, दहावीच्या पोराची शिकवणी, सगळ्यांना हाच प्रश्न. इंदूरहून सणापुरता उगवणारा मामा त्यांना फार आवडतो, कारण तो हजेरीवरचा. दिवाळीला येऊन संक्रांतीपर्यंत न हललेली आत्या महिन्यावरची. देवासच्या टेकडीवर मोठी माता आणि छोटी माता अशा दोघी बहिणी. भाविक हात जोडतो, दिवाणजीही जोडतात, पण मनात म्हणतात, एका मैदानात दोन मुख्य लढती आणि प्रेक्षक एका फेरीत दोन्ही पाहून खाली, व्यवस्था असावी तर अशी. वहिनींनी एखाद्या दिवशी “आणि मी कशावर?” असे विचारले की मात्र ते गप्प होतात. मुख्य आकर्षणाशी कराराची बोलणी चारचौघांत करायची नसतात, हेही त्यांना खेळानेच शिकवलेले असते. देवासला बँक नोट प्रेस आहे. देशाच्या नोटा छापणाऱ्या त्या गावात पैशाकडे इतक्या संशयाने पाहणारा दुसरा माणूस सापडायचा नाही.

पहिला आक्षेप उघड आहे: खोट्या कंपनीचे खोटे पैसे वाचवून मिळते काय? त्यातून ही कुस्तीही ठरवून लढवलेली, आपल्या भाषेत नुरा. मान्य. पण निकाल ठरलेला असला तरी खर्च ठरलेला नसतो, आणि ते ज्यांना कळले नाही त्यांच्या कंपन्या खऱ्या होत्या. अमेरिकेतल्या टेड टर्नरच्या ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग’ने नव्वदच्या दशकात टीव्हीवर प्रतिस्पर्ध्याला सलग 83 आठवडे मागे टाकले होते. त्याच कंपनीला 2000 या एका वर्षात सहा कोटी डॉलरच्या आसपास तोटा झाला आणि मार्च 2001 मध्ये ती त्याच प्रतिस्पर्ध्याला विकली गेली. तोट्याची कारणे अनेक, पण त्यांत एक ठळक होते: बड्या पैलवानांना हमीचे, न खेळताही चालू राहणारे पगार. विक्री झाली तरी त्यांतले काही करार जुन्या मालकाच्याच गळ्यात राहिले, म्हणजे कंपनी संपली आणि तिचे पैलवान घरी बसून पगार घेत राहिले. ही हकिकत सांगताना दिवाणजींचा आवाज कीर्तनकारासारखा खाली येतो. आणि इतके लांब जायचेच कशाला? नागपंचमीच्या दंगलीचा हिशेब मागून बघा. आखाड्याची माती, तिच्यात घालायचे तेल, हळद, लिंबू. मांडव, भोंगे, ढोलवाले. बाहेरगावच्या मल्लांचे येण्या-जाण्याचे भाडे, आणि देवासहून धारला जायचे म्हणजे मधे इंदूर लागते, तिथे चहा-पोहे-जिलबी होणारच. वर प्रत्येक जोडीचे इनाम. इनामाचा आकडा पत्रकावर ठळक छापलेला असतो. व्यासपीठावरचे फेटे, शाली, श्रीफळे, हार आणि चौकाचौकांतल्या फलकांचा आकडा कुठेही छापलेला नसतो, आणि मैदान बसते ते बहुधा त्या न छापलेल्या आकड्याने.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. कुस्ती काय हिशेबाने वाढली? ती वाढली राजांच्या दिलदारीने. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवान पदरी ठेवले, त्यांना खुराक दिला, 1912 मध्ये खासबागेचे मैदान उभे केले. दिवाणजी तिथे असते तर त्यांनी तोच प्रश्न विचारून सगळ्या तालमी रिकाम्या केल्या असत्या! या आक्षेपाचे उत्तर देवासमध्येच आहे, कारण शाहू महाराजांची लेक 1908 मध्ये देवासच्या थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांना दिली होती. सासऱ्याचा आणि जावयाचा खर्च शेजारी मांडून पाहावा. सासऱ्याने पैसा घातला तो वाडग्यासारख्या खोलगट मैदानात, जिथे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसते; शंभरावर वर्षे झाली, तिथे अजून कुस्त्या होतात. जावयाकडे 1921 साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार खासगी चिटणीस म्हणून राहिला, आणि त्याने 1953 मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात जे लिहिले ते कोणाही खजिनदाराची झोप उडवेल. नवा राजवाडा पुरा होण्याआधीच पडू लागलेला. मागवलेल्या वस्तू वापराविना सडत पडलेल्या. आणि गोकुळाष्टमीचा उत्सव मात्र दिवसेंदिवस चाललेला. त्यातून गाव एक आणि संस्थाने दोन: 1728 पासून थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन दरबार, दोन फौजा, आणि संध्याकाळी एकाच वेळी दोन राजवाड्यांपुढे वेगवेगळ्या चाली वाजवणारे दोन बँड. दोन्ही महिन्यावर. तुकोजीराव प्रेमळ होते, बुद्धिमान होते, फॉर्स्टरने तर त्यांच्यावर मनापासून लोभ केला. पण संस्थान कर्जात बुडाले, 1933 च्या अखेरीस ते यात्रेचे निमित्त करून फ्रेंचांच्या पाँडिचेरीत गेले आणि 1937 मध्ये तिथेच वारले. तेव्हा दिलदारी नको असे कोण म्हणते? दिलदारी कशावर, एवढेच विचारायचे, आणि ते विचारणारा माणूस दरबारात एकही नव्हता. चिटणीस होता, तो कादंबरीकार निघाला.

धारकर यावर हसतील, पण त्यांनी फार हसू नये. त्यांच्याकडे भोजाच्या काळातली म्हणून दाखवतात ती लोखंडी लाट पडलेली आहे, तीन तुकडे झालेली. विद्वान तिला जयस्तंभ म्हणतात. गावची दंतकथा म्हणते, ती एका राक्षसासारख्या धिप्पाड तेलिणीच्या तराजूची दांडी, आणि शेजारचे दगड ही तिची वजने. ‘कुठे राजा भोज, कुठे गंगू तेली’ असे आपण हिणवून म्हणतो. पण भोजाच्या राजधानीत लोकांनी एवढे मोठे लोखंड राजाला न देता तोलून विकणाऱ्या बाईच्या नावे केले, ही गोष्ट मला सूचक वाटते. दिवाणजींचे कुलदैवत शोधायचे तर टेकडीवर चढण्यापेक्षा या लाटेपाशी जावे.

उरला तिसरा आक्षेप: हा माणूस कोरडा आहे. इथे मला थोडे नाखुशीने त्याची बाजू घ्यावी लागते, कारण त्याचा तो प्रश्न आला कुठून हे पाहिल्यावर चिडणे अवघड होते. 1948 मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि दरबारी पैलवान महिन्यावरून हजेरीवर आला. या जत्रेत लढला तर इनाम, गुडघा गेला तर घरी. पुढे कारखान्यांतही तेच झाले. आज औद्योगिक वसाहतीत पोटापाण्याला लागलेल्या दिवाणजींच्या पिढीत ठेकेदारामार्फत भरती झालेले कितीतरी आहेत. फाटकावर कार्ड दाखवले तर त्या दिवसाचे पैसे, ताप आला तर दोन्ही गेले, अंगातले त्राण आणि खिशातले दाम. “हजेरीवर की महिन्यावर?” हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारण्याआधी तो त्यांच्याबद्दल विचारून झालेला असतो, आणि उत्तर ठरलेले असते. मग रात्री ते अशी कंपनी उघडतात की जिथे करारावर सही करून घेणारा हात त्यांचा स्वतःचा आहे. माणूस सूड घेईल, असे वाटते. दिवाणजींच्या कंपनीची यादी बारकाईने पाहिली तर मात्र तळाशी एक म्हातारा पैलवान सापडतो. त्याला पाहायला कोणी येत नाही, त्याच्या कुस्तीला टक्के पडत नाहीत, तो वर्षानुवर्षे आखाड्यात उतरलेला नाही. तो महिन्यावर आहे. दिवाणजींना कारण विचारले तर ते सांगतात की तो नव्या पोरांना शिकवतो, त्याचा फायदा दिसत नसला तरी असतो. हिशेबात हे बसत नाही, त्यांनाही ते ठाऊक आहे, आणि प्रत्येक कंपनी बुडताना शेवटचा पगार त्याचाच निघतो.

दंगल समित्यांना माझी विनंती आहे. पत्रके छापायला जाण्याआधी आपल्या आळीतल्या दिवाणजींना लॅपटॉपापासून उठवा आणि पेटीची किल्ली त्यांच्या हाती द्या. ते पहिल्याच बैठकीत भोंगे निम्मे करतील, फलक बंद करतील, हारांची संख्या मोजतील, भांडणे होतील. होऊ द्या. वाचलेल्या पैशातून ज्या वस्तादाच्या हाताखालून गावची पोरे तयार झाली त्याला वर्षभर दरमहा काही मिळेल अशी तजवीज तेच करतील, सांगावे लागणार नाही. अध्यक्षाला फेटा पुरे.