निवडीचा एक किलोमीटर

सिंगापूरच्या बुकित पंजांगमध्ये घर शोधणारं मराठी जोडपं हल्ली उजेड, वारा, वास्तुशास्त्र पाहत नाही. नकाशा आणि कर्कटक घेऊन बसतं. शाळेच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत आलं की घर शुभ!

सिंगापुरात पालकांना शाळा निवडण्याची पूर्ण मुभा आहे. फक्त आधी नागरिक, मग कायमचे रहिवासी. त्यातही १ किलोमीटरवाले, २ किलोमीटरवाले आणि पलीकडचे. तरी गर्दी उरलीच, तर चिठ्ठ्या. अंतराच्या बळावर प्रवेश मिळाला, तर त्या पत्त्यावर किमान ३० महिने मुक्काम. पालकांनी आधीच शाळेत ४० तास सेवा केली, तर नंबर जरा पुढे. आपल्याकडे याला नवस म्हणतात.

‘प्रत्येक शाळा चांगली शाळा’ हे शिक्षण मंत्रालयाचं ब्रीद. ते सगळ्यांना पटतं, शेजाऱ्याच्या मुलापुरतं.

शेवटी शाळेत शिकायची मातृभाषा निवडायची. भारतीय मुलांसाठी तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू. मराठी नाही. म्हणून बहुतेक मराठी पालक हिंदीवर खूण करतात. आई मराठी, मातृभाषा हिंदी. निवड मात्र आपलीच!