विवेकाचा काटा

मंडईत कांदे घेताना जाणता माणूस कांद्यांकडे बघत नाही, विकणाऱ्याच्या करंगळीकडे बघतो. अमेरिकेतल्या कॅथलिक मतदाराचा विवेकही तसाच बघायचा असतो. पारड्यात काय टाकलंय ते सगळ्यांना दिसतं. करंगळी कुठे टेकलीय ते मात्र नीट निरखावं लागतं.

वजनं अधिकृत आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. दर अध्यक्षीय निवडणुकीआधी तिथले बिशप एक पुस्तिका पुढे करतात. मतदारानं विवेक कसा घडवावा, हा तिचा विषय. गर्भपात हा सर्वांत अग्रक्रमाचा प्रश्न, असं तीत बजावलेलं असतं. त्याच पुस्तिकेत गरिबी, स्थलांतरित, फाशी, वंशभेद हेही असतात. म्हणजे हव्या त्या पक्षाला हवा तो उतारा मिळतो. एवढी सोय आपल्याकडच्या जाहीरनाम्यांतही नसते.

2004 साली कार्डिनल रॅट्झिंगर (पुढे हेच पोप बेनेडिक्ट झाले) यांनी अमेरिकेच्या बिशपांना एक टिपण धाडलं. उमेदवार गर्भपाताच्या बाजूचा आहे म्हणूनच त्याला मत दिलं, तर दोष. पण तो तसा असूनही दुसऱ्याच कारणासाठी दिलं, आणि ते कारण तेवढंच वजनदार असलं, तर चालेल. आता कारण वजनदार आहे की नाही, हे तोलणार कोण? ज्याचं मत त्यानंच! आपलं कारण हलकं निघालं, असं सांगणारा मतदार अजून मला तरी भेटलेला नाही.

त्याच वर्षी जॉन केरी अध्यक्षपदाला उभे होते. स्वतः कॅथलिक, पण गर्भपाताच्या हक्काच्या बाजूनं मत देणारे. त्यांना कम्युनियन (मिस्सा या प्रार्थनाविधीत मिळणारा पवित्र प्रसाद) द्यायचं की नाही, यावर बिशपांत जुंपली. उमेदवार रविवारच्या मिस्साला कुठे जातो आणि वेदीपुढे त्याला काय मिळतं, यावर वार्ताहरांचा पहारा बसला. शेवटी कॅथलिकांनी मेथडिस्ट बुशना शंभरातली 52 मतं दिली आणि आपल्या केरींना 47. आणि 1960 साली? तेव्हा जॉन केनेडींना ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर सांगावं लागलं होतं की, बाबांनो, मी पोपना विचारून कारभार करणार नाही. केरींवर ठपका आला तो पोपचं ऐकत नाहीत म्हणून. 44 वर्षांत गुन्हा तोच राहिला, फक्त कलम उलटं लागलं.

2022 साल तर सदर लिहिणाऱ्यांवर उपकारच करून गेलं. मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्चबिशपांनी गर्भपाताच्या हक्काची बाजू घेणाऱ्या कॅथलिक नेत्या नॅन्सी पेलोसींना आपल्या हद्दीत कम्युनियन बंद केलं. जूनच्या 29 तारखेला त्याच पेलोसींनी व्हॅटिकनमध्ये, पोप फ्रान्सिस उपस्थित असलेल्या मिस्सात, ते घेतलं. गल्लीत बंद, दिल्लीत चालू!

मधल्या काळात, 24 जूनला, सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा हक्क देणारा 1973 चा रो निकाल मोडीत काढला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती अलिटो कॅथलिक, आणि विरोधात मत देणाऱ्या सोटोमेयरबाईही कॅथलिक. पन्नास वर्षं पारड्यात पडलेलं वजन उचललं गेलं, आता काटा हलेल, असं आम्हाला भाबडेपणानं वाटलं. 2024 मध्ये रिपब्लिकन पक्षानं जाहीरनाम्यातून गर्भपातावर देशव्यापी बंदीची जुनी मागणीच काढून टाकली. ‘राज्यांचं राज्यांनी बघावं,’ म्हणाले ट्रम्प. तरी त्यांची कॅथलिक मतं घटली नाहीत, उलट वाढली. डेमोक्रॅट कॅथलिकांचंही ‘मला व्यक्तिशः गर्भपात पटत नाही, पण...’ हे पालुपद चालूच आहे. ते ‘पण’ 1984 साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ क्युओमोंनी नोत्र दाम विद्यापीठातल्या भाषणात इतकं देखणं मांडलं की नंतरच्यांनी पुढचं वाक्य शोधायचे कष्टच घेतले नाहीत. पोप फ्रान्सिसना विमानात पत्रकारांनी ट्रम्प आणि त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवार बाईंबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले की दोघंही जीवनाच्या विरोधात आहेत, एक स्थलांतरितांना हाकलतो, दुसरी बाळांना मारू देते. कमी वाईट निवडा. कमी वाईट कोण? ते तुमचा विवेक सांगेल. चेंडू परत मतदाराच्या अंगणात.

आमचा एक वसईकर कॅथलिक मित्र न्यू जर्सीत असतो. वसईत असताना त्याचं मत टँकर, बिल्डर आणि रस्ता यांवर ठरायचं. गर्भपाताचा कायदा आपल्याकडे 1971 मध्येच झाला, आणि त्यावर निवडणूक लढवल्याचं त्यानं इथे कधी पाहिलं नव्हतं. तिकडे ऑक्टोबरातल्या एका रविवारी मिस्सा आटोपून तो बाहेर आला, तर गाडीच्या वायपरखाली दोन पत्रकं. एकावर बाळाची इवली पावलं, दुसऱ्यावर सीमेवरच्या कुंपणामागचं पोर. दोन्हींत बिशपांच्या त्याच पुस्तिकेतले उतारे. आत प्रवचनही विवेक कसा घडवावा यावरच झालं होतं.

‘मग घडवलास का?’ मी फोनवर विचारलं.

‘अरे, कसला घडवतोस,’ तो म्हणाला, ‘माझं मत पोस्टात पडून पंधरा दिवस झाले होते.’