आकाशमार्गे गमन करणाऱ्यांसाठी नियमावली

'स्कायरोड्स' या संगणकीय शर्यतीत प्रावीण्य संपादू इच्छिणाऱ्या उमेदवारांच्या सोयीसाठी, आणि रात्री उशिरापर्यंत स्पेसबारचा ठकठकाट सोसणाऱ्या त्यांच्या कुटुंबीयांच्या मनःशांतीसाठी, पुढील कलमे जारी करण्यात येत आहेत.

कलम १. एस्टोनियातील ब्लूमून या मंडळीने हा खेळ १९९३ साली डॉसवर चालणाऱ्या संगणकांसाठी रचला. त्या मंडळींपैकी यान तालिन, आह्ती हाइन्ला व प्रीत कासेसालू यांनीच पुढे 'स्काइप'च्या घडणीत मोलाचा वाटा उचलला, सबब परमुलखातील लेकीसुनांशी तासन्‌तास फुकट बोललेल्या वडीलधाऱ्यांनी 'असल्या खेळातून निष्पन्न काय होते?' हा प्रश्न उपस्थित करू नये.

कलम २. दहा जगांत प्रत्येकी तीन, असे एकूण तीस रस्ते अंतराळात अधांतरी पसरलेले असून, त्यांवरून यान हाकणाऱ्या उमेदवाराने फरशांच्या रंगांचा पाठ आधी पक्का करावा: फिकट हिरवी वेग वाढवते, गडद हिरवी वेग हिरावते, निळी प्राणवायू व इंधनाचा रिकामा खजिना भरून देते, आणि घसरड्या करड्या फरशीवर सुकाणूचा अंमल चालत नाही.

कलम ३. प्राणवायू काळाच्या हिशेबाने खर्ची पडतो व इंधन अंतराच्या. म्हणून, 'सावकाश जाणारा सुखरूप पोहोचतो' ही शिकवण घेऊन आलेला सद्गृहस्थ येथे गुदमरून मरतो, आणि घाईत निघालेला समोरच्या ठोकळ्यावर आदळून भस्मसात होतो. प्रतिस्पर्धी कोणी नसल्यामुळे दोघांनाही दोष देण्यास दुसरा इसम सापडत नाही.

कलम ४. उडी मारतेवेळी खुर्चीतून अर्धवट उठणे, मान डावीकडे कलवणे आणि श्वास रोखून धरणे या क्रियांचा यानाच्या गतीवर काडीमात्र परिणाम होत नाही, हे वारंवार सिद्ध झाले असूनही त्या टाळता येत नाहीत. तरी चहाचा कप कीबोर्डापासून हातभर दूर ठेवावा.

कलम ५. रस्त्यागणिक गुरुत्वाकर्षण बदलते, त्यामुळे काल जिंकलेल्या उडीचा दाखला आज ग्राह्य धरला जात नाही. उडणे येथे एका बोटाचे काम आहे. सारी विद्या उतरण्याची आहे, आणि ती पाय टेकायची फरशी उडण्यापूर्वी हेरून ठेवणाऱ्यासच प्राप्त होते.

या नियमांविरुद्ध कोणाची हरकत असल्यास, तिसावा रस्ता पार केल्यावरच अर्ज करावा.