चोवीस तास गरम पाण्याचा वानप्रस्थ

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थास पात्र कोण, याचा निर्णय मोठ्या व्यवहारी कसोटीवर केलेला आहे: अंगास सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंडाचे मुख दृष्टीस पडले, की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी. पुढील कलमे अर्थातच कडक आहेत. तेथे कंदमुळांवर गुजराण करावी, वल्कले नेसावीत आणि वर्षाकाळी छपराचा आश्रय न घेता पाऊस अंगावर झेलावा, असा हुकूम आहे. आपल्या पांढरपेशा वर्गाने पात्रतेचे कलम अक्षरशः मान्य केले आणि आचरणाच्या कलमांपुरती तेवढी सूट मागून घेतली. या तडजोडीतून जो एक नवा आश्रम निर्माण झाला आहे त्याचे नाव जंगल लॉज, त्याचा काल जून ते सप्टेंबर, आणि त्याचे आश्रमवासी म्हणजे ज्यांच्याविषयी आज लिहावयाचे योजले आहे ते गृहस्थ.

त्यांना आपण सोयीसाठी उपसंचालक म्हणू. कारण निवृत्तीपूर्वी ते कोणत्या ना कोणत्या खात्याचे उपसंचालक असतातच. संचालकपद हुकलेले असते, आणि ते कसे व कोणामुळे हुकले याची साद्यंत कैफियत कोल्हापूर सोडून गाडी आजऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सहप्रवाशांना ऐकावी लागते. ज्यांनी उभ्या सेवाकालात निसर्ग म्हणून जो काही पाहिला तो टेबलावरच्या दिनदर्शिकेत पाहिला, ज्यांना चिमणी आणि साळुंकी यांतील भेद साठाव्या वर्षापर्यंत कधी विचारण्यात आला नाही, आणि ज्यांच्या घरी झुरळ निघाले असता ते मारण्याची जबाबदारी वहिनींकडे असे, ते हे गृहस्थ चिरंजीवांनी अमेरिकेहून आणलेला कॅमेरा गळ्यात पडताच एकाएकी अरण्याचे अधिकारी जाणकार होतात. आणि मग मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ दिवाणखान्यात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडेल अशा बेताने, उघडा ठेवला जातो.

या वर्गाचे पावसाळ्यातील मुख्य तीर्थक्षेत्र म्हणजे आंबोली. सह्याद्रीच्या माथ्यावर, सावंतवाडी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसलेल्या या गावी वर्षाकाठी ७००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या सुमारे दहापट. एवढ्या पावसाने जे सदाहरित रान पोसले आहे त्यात वाघसिंहांचे दर्शन घडण्याची आशा बाळगू नये. येथील वैभव बेडूक, साप, गोगलगायी आणि बुरशी यांचे आहे, आणि ते रात्री, भिजत, वाकून पाहावे लागते. उपसंचालकांना यांपैकी पाहण्याबद्दल उत्साह असतो, भिजण्याबद्दल शंका असते आणि वाकण्याबद्दल वैद्यकीय हरकत असते. म्हणून जागा मुक्रर करण्यापूर्वी ते लॉजच्या व्यवस्थापकास दूरध्वनी करून सर्व बाबींची खातरजमा करून घेतात. गरम पाणी चोवीस तास आहे काय? संडास कोणत्या पद्धतीचा? गुडघ्याला उतरणीच्या वाटा किती? या प्राथमिक चौकशीनंतर मूळ मुद्दा येतो.

“साप नक्की दिसेल ना?”

“दिसेल, साहेब.”

“पण खोलीत येणार नाही?”

“नाही, साहेब.”

“मग आम्हाला दिसेल तो कुठे?”

व्यवस्थापक बिचारा ‘गाइड दाखवील’ असे सांगून सुटतो. लॉज म्हणावा तर उत्तम असतो: जांभ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, खोलीत गिझर, ओले मोजे वाळवण्यासाठी विजेची शेगडी, आणि जिच्यातून दरी दिसते अशी ख्याती असलेली परंतु प्रत्यक्षात पांढऱ्या धुक्यावाचून काहीही न दिसणारी एक गॅलरी. या गॅलरीसाठी निराळा आकार घेतात.

जामानिम्याबद्दल दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. वन्य प्राण्यांना आपली चाहूल लागू नये म्हणून उपसंचालक पानापानांच्या नक्षीचा लष्करी पोशाख करतात, आणि त्यावर पाऊस लागू नये म्हणून भडक नारिंगी रंगाचा रेनकोट चढवतात. पायांत गमबूट, गमबुटांत जळवा शिरू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे, मोज्यांवर तंबाखूचे पाणी, खिशात मिठाची पुडी. गळ्यात ती सुप्रसिद्ध लांब लेन्स, जी दोनशे पावलांवरील बिबट्याच्या मिशा मोजण्यासाठी घडवलेली आहे आणि जिच्यातून तीन हातांवरचा बेडूक मुळीच टिपता येत नाही. शिवाय शेगडीने उबदार केलेल्या खोलीतून ती बाहेरच्या गारठ्यात आणली, उलट बाहेरून आत नेली, की दोहोंपैकी एका वेळी तिच्यावर वाफ धरते ती धरतेच. मग उपसंचालक उंबऱ्यावर उभे राहून रुमालाने काच पुसत असतात आणि बाकीची मंडळी, ज्यांच्याकडे केवळ डोळे आहेत, पुढे निघून जातात.

वहिनी या मंडळींतही नसतात. त्या ‘तुमचं चालू द्या’ म्हणून शाल पांघरून पाठीमागच्या पडवीत स्वयंपाकिणीशी बोलत बसतात. आणि सबंध मुक्कामात अरण्याचे सर्वांत देखणे दृश्य पाहण्याचा योग, मला नमूद करण्यास आनंद होतो, त्यांनाच येतो. स्वयंपाकघरामागील हौदावर एक फांदी ओणवलेली असते आणि तिच्या पानांत पांढरा फेसाचा गोळा लोंबत असतो. जवळ जाऊन पाहावे तो हिरवाकंच मलबारी उडता बेडूक, बोटांमधील तांबूस पडदे पसरून, मागच्या पायांनी तो फेस घुसळतो आहे, आणि रवीने ताक करणाऱ्या बाईची सारी तन्मयता त्या पायांत उतरली आहे. त्या फेसात अंडी असतात. पिले तयार झाली की फेस विरतो आणि ती खालच्या पाण्यात टपाटपा पडतात. स्वयंपाकीण हे वर्षानुवर्षे पाहत आलेली आहे. वहिनी तासभर तेथेच उभ्या राहतात, आणि जेवणाच्या वेळी हा वृत्तांत सांगू लागतात तेव्हा उपसंचालक ‘फोटो काढलास का?’ एवढे विचारून विषय निकालात काढतात.

रात्रीची फेरी आठाच्या सुमारास निघते. दिमतीस गावातला एक विशीचा मुलगा असतो. अंगात साधे प्लास्टिक, पायांत रबरी चपला, हातात विजेरी. त्याला लॅटिन नावे येतात आणि रानाची वाट येते, आणि या दोन्ही विद्या एकाच इसमाच्या ठायी असू शकतात हे उपसंचालकांच्या पचनी पडण्यास वेळ लागतो. वाटेत ते त्यालाच जळवांविषयी माहिती देत असतात: जळू चावताना प्रथम ती जागा बधिर करते, मग रक्त साकळू न देणारे द्रव्य आत सोडते, सबब चावल्याचे मनुष्याला कळतच नाही. माहिती अगदी बरोबर असते, याचा पुरावा तत्क्षणी त्यांच्या कानामागे फुगत असतो.

पहिला मुजरा मलबारी चापड्याचा. कमरेइतक्या उंचीच्या झुडपावर, पिवळट-हिरव्या वेटोळ्यात, त्रिकोणी डोके टेकवून हा विषारी साप बसलेला असतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक खळगी असते, तिने तो अंधारातही भक्ष्याची ऊब जाणतो. बारा विजेऱ्या एकदम त्याच्यावर रोखल्या जातात. उपसंचालक सर्वांना हटवून पुढे सरसावू पाहतात, तोच मुलगा म्हणतो, “काका, घाई करू नका. तो खंय जाणा नाय. मंगळवारपासून थयच बसलोहा.” आणि ते खरे असते. भक्ष्य आपण होऊन येईपर्यंत हा साप कित्येक दिवस एकाच फांदीवर बसून राहतो. उपसंचालकांच्या समग्र सेवाकालात चार दिवस सलग आपल्या जागेवर सापडलेला हा पहिलाच इसम असावा. तथापि तेवढ्याने त्यांचे समाधान होत नाही.

“अरे, त्याला जरा तोंड इकडे करायला सांग की. काडीने वगैरे.”

“हात लावूचो नाय, काका. काडीय लावूची नाय.”

हा नकार इतक्या शांतपणे दिलेला असतो की त्यावर शेरा मारता येत नाही. मग उपसंचालक दुसऱ्या मार्गाने वर्चस्व स्थापतात. या सापाचे शास्त्रीय नाव पूर्वी ट्रायमेरेसुरस होते, ते अलीकडे बदलून क्रॅस्पेडोसेफॅलस करण्यात आले आहे, हे ते त्या सापासमक्ष मंडळींस विदित करतात. सापाच्या मुद्रेवर फरक दिसत नाही.

पुढे एका कुजलेल्या ओंडक्याशी मुलगा सर्वांस विजेऱ्या मालवावयास सांगतो. या ओंडक्यावर आपोआप उजळणारी बुरशी असते आणि डोळे अंधाराला सरावल्यावर तिचा मंद हिरवट उजेड दिसू लागतो. सर्व निःशब्द उभे राहतात. पावसाची सर येऊन जाते. हळूहळू ओंडक्याच्या कडेकडेने एक फिकट रेघ उमटू लागते, कोणीतरी ‘अहाहा’ म्हणतो, आणि त्या क्षणी उपसंचालकांचा खणखणीत आवाज येतो, “मला काही दिसत नाही बुवा. कोणीतरी जरा बॅटरी मारा!” मारतात तेही तेच. पुन्हा सर्वांचे डोळे सरावण्यास लागतो तेवढा वेळ लागतो.

खरा प्रसंग मात्र परतीच्या वाटेवर घडतो. जांभ्याच्या सड्यावर, टीचभर पाण्याच्या डबक्याशी मुलगा गुडघे टेकून बसतो आणि बोटाच्या दोन पेरांएवढा, पिवळसर, कुशीवर काळे पट्टे असलेला एक भेक दाखवतो. हा आंबोली टोड. शास्त्राच्या दफ्तरी याची नोंद २००९ साली झाली; पट्ट्यांवरून त्याच्या लॅटिन नावात वाघ घालण्यात आला; आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून लिहिला गेला; आणि त्याचे सारे राज्य म्हणजे या घाटमाथ्याचा चिमूटभर मुलूख. “जगात दुसरीकडे खंय नाय, काका. आमच्या गावचो तो,” असे मुलगा म्हणतो, आणि म्हणताना त्याच्या स्वरात जी मालकी असते ती सात-बाराच्या उताऱ्याने येत नाही. उपसंचालक क्षणभर पाहतात. मग, “एवढाच?” असे विचारतात.

जेवणाच्या मेजावर मात्र त्याच भेकाचे आकारमान वाढू लागते. कोंबडी-वडे येईपर्यंत त्याच्या भवितव्याविषयी उपसंचालकांचा कंठ दाटून आलेला असतो. मनुष्यप्राणी किती हावरट, सृष्टीची कशी लूट चालली आहे, यावर ते सोलकढीचा पेला हातात घेऊन बोलतात, आणि बोलता बोलता वाढप्याला सुरमई आहे का म्हणून विचारतात. वाढपी सांगतो की १ जून ते ३१ जुलै मासळीच्या विणीचा हंगाम म्हणून दर्यावर मासेमारीची बंदी असते, सबब ताजी सुरमई नाही. “मग फ्रीजमधली?” असा उपप्रश्न येतो. निघण्याच्या दिवशी अभिप्रायाच्या वहीत ते सुवाच्य अक्षरांत तीन शेरे लिहितात: गिझर समाधानकारक; सुरमईची गैरसोय; बिबट्या दिसला नाही, तरी संबंधितांनी लक्ष घालावे.

सकाळचा हिरण्यकेशीचा कार्यक्रम ते घाईने उरकतात. गुहेतून नदी उगम पावते, तेथे महादेव आहे, आणि पुढच्या कुंडात बोटाएवढे मासे आहेत, ज्यांची नवी जात म्हणून २०२० साली जगाला ओळख झाली आणि ज्यांच्यासाठी ही जागा २०२१ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर करण्यात आली. देवाच्या कुंडातला मासा मारू नये, या जुन्या शिरस्त्याने जे राखले त्यावर सरकारने उशिरा का होईना शिक्का उमटवला. उपसंचालक येथे विज्ञाननिष्ठ असल्यामुळे हात जोडत नाहीत. माशांचा फोटो येत नाही म्हणून पाण्यावरील चकाकीबद्दल तक्रार मात्र करतात.

भाद्रपदात सोसायटीच्या गणपतीपुढे उपसंचालकांचे सचित्र व्याख्यान होते. त्यात चापड्याची असंख्य छायाचित्रे असतात, सर्व एकाच बाजूने. भेकाचे एक असते, धूसर. परंतु त्याच्यावर ते पाऊण तास बोलतात आणि खरे सांगायचे तर बरे बोलतात. मुलाचे नाव त्यांना आठवत नाही. ‘आमचा तिथला एक माणूस’ असा त्याचा उल्लेख होतो.

एवढे लिहून झाल्यावर न्यायबुद्धीने हेही नोंदले पाहिजे की यांच्या आजोबांच्या पिढीतील साहेबलोक रानात जात ते बंदूक घेऊन, आणि छायाचित्र काढवीत ते मेलेल्या जनावरावर पाय ठेवून. उपसंचालक ज्याच्यावर नेम धरतात ते जनावर निदान दुसऱ्या दिवशीही तेथेच बसलेले असते. शिवाय त्यांनी दिलेल्या बिदागीवर तो मुलगा पावसाळाभर गावात राहतो, नाहीतर याच दिवसांत तो गोव्याच्या एखाद्या हॉटेलात बशा विसळताना आढळला असता. तेव्हा उपसंचालकांनी जावे, अवश्य जावे, गरम पाणी असेल तेथेच उतरावे.

फक्त एक. पावसाळ्याच्या रात्री हे भेक आणि बेडूक रस्त्यावर येऊन बसतात, आणि त्यांना पाहण्यासाठी आलेल्या मोटारींच्या चाकांखालीच त्यांतले कितीतरी चिरडले जातात. म्हणून आंबोलीस जाणाऱ्या वाचकांस विनंती अशी, की काळोख पडल्यावर तेथे गाडी शक्यतो काढू नये. काढावीच लागली तर तो मुलगा सांगेल त्या चालीने हाकावी. आणि तो खाली उतरून विजेरी घेऊन गाडीपुढे चालू लागला, तर मागून हॉर्न वाजवू नये.