मूर्ख उमेदवाराच्या बाजूने

भोसरी-तळवड्यापासून चाकणपर्यंतच्या लघुउद्योजकांना माझी एक शिफारस आहे. कारखान्यासाठी सॉफ्टवेअर डेव्हलपर नेमायचा असेल, तर मुलाखतीला आलेल्यांत जो सगळ्यांत मूर्ख वाटेल तो निवडा. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. आपल्याकडच्या मुलाखतीत पास होतो तो बहुधा पढतमूर्ख. नापास होणाऱ्याची लक्षणं खाली देतो. ती दिसली की माणूस हातचा जाऊ देऊ नका.

पहिलं लक्षण असं की तो उत्तर देण्याआधी विचारत बसतो. 'डिस्पॅचचं सॉफ्टवेअर हवंय' म्हटल्याबरोबर शहाणा उमेदवार कोणता डेटाबेस, किती स्क्रीन, किती महिने हे सांगून मोकळा होतो. मूर्ख विचारतो, "गाडी कस्टमरच्या गेटवरून परत येते ती नेमकी कशामुळे? चलन चुकतं, लेबल चुकतं, की माल कमी भरतो?" मालकाला राग येतो, कारण उत्तर त्याला ठाऊक नसतं. मग सुपरवायझरला बोलावतात, त्याच्या पाठोपाठ स्टोअरवाल्याला. दोघांची जुंपते आणि तासाभरात कळतं की चलनावर जुनाच पीओ नंबर छापला जातोय. त्याला नवं सॉफ्टवेअर लागतच नाही. नेमणुकीआधीच स्वतःचं काम कमी करणाऱ्याला जग मूर्ख म्हणतं. तुम्ही त्याला ऑफर लेटर द्या.

दुसरं लक्षण, तो एसी केबिन सोडून मशीनपाशी उभा राहतो. रिजेक्शन नोंदवायच्या स्क्रीनवर वीस-बावीस कारणांची यादी असते आणि पहिलं कारण असतं 'ब्लो होल'. तो ऑपरेटरला विचारतो, "दादा, हे दाबताना हातमोजा काढावा लागतो का?" दादा म्हणतात, "काढून पुन्हा घालायला वेळ कुठंय साहेब? वरचंच दाबतो." क्वालिटीच्या मीटिंगमध्ये महिनोन्‌महिने ब्लो होलवर खल चाललेला असतो, फाउंड्रीला पत्रांवर पत्रं गेलेली असतात आणि मूळ दोष असतो मोज्यातल्या बोटाला न जमणाऱ्या यादीत. हा मुलगा चारच मोठी बटणं ठेवतो, बाकीची कारणं मागच्या पानावर ढकलतो. कोड म्हणाल तर दोन तासांचा. त्यासाठी दोन दिवस फ्लोअरवर काढले, हा त्याचा मूर्खपणा. त्या दोन दिवसांचा पगार आनंदाने द्या.

तिसरं लक्षण, सगळे 'हे कधी बदलायचं नाही' म्हणतात तेच बदलेल असं तो धरून चालतो. वाहनांच्या सुट्या भागांवर 28 टक्के जीएसटी, हे ज्यांनी देवाच्या शब्दासारखं मानलं त्यांनी तो आकडा बिलात, रिपोर्टात, डेबिट नोटेत, जागोजागी हाताने लिहून ठेवला होता. 22 सप्टेंबर 2025 ला दर 18 वर आला. वर आणखी एक पेच होता: आधी 28 टक्क्यांनी गेलेला माल नंतर रिजेक्ट होऊन परत आला, तर क्रेडिट नोट जुन्याच दराने काढायची. म्हणजे दोन्ही दर, आपापल्या तारखांसह, एकाच वेळी जिवंत ठेवावे लागतात. मूर्खाने दर पहिल्यापासून तारखेसह वेगळ्या टेबलात ठेवलेला असतो. 'कशाला एवढी उठाठेव' असं तेव्हा त्याला सगळे म्हणालेले असतात. असा मूर्ख जवळ नसला की काय होतं, ते 4 जून 1996 ला युरोपाने पाहिलं. एरियान-4 मध्ये नीट चालणारा कोड एरियान-5 रॉकेटमध्ये तसाच बसवला. एक आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे जाणारच नाही असं गृहीत धरलं होतं. तो गेला, आणि रॉकेट जेमतेम चाळीस सेकंदांत आकाशातच फुटलं.

चौथं लक्षण, तो लिहितो त्यापेक्षा जास्त पुसतो. 1982 मध्ये ॲपलच्या व्यवस्थापकांनी इंजिनिअरांकडून दर आठवड्याला लिहिलेल्या ओळींचा हिशेब मागायला सुरुवात केली. बिल ॲटकिन्सन याने चित्रं काढणारा कोड नव्याने लिहून आधीपेक्षा लहान आणि कितीतरी वेगवान केला होता. त्याने फॉर्मवर भरलं: उणे 2000. पुढे त्याच्याकडे तो फॉर्म मागणं बंद झालं. तुमच्याकडच्या उमेदवारालाही विचारा, मागच्या नोकरीत काय काय काढून टाकलं? हे सांगताना ज्याचा चेहरा खुलतो, तो तुमचा माणूस.

पाचवं लक्षण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. तो स्वतःवाचून कुणाचं अडणार नाही अशी व्यवस्था करतो. पासवर्ड मालकाच्या ताब्यात देतो, कोणती गोष्ट का केली ते लिहून ठेवतो आणि आयटीआयमधून आलेल्या एखाद्या पोराला शेजारी बसवून घेतो. पीटर नॉर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने 1985 मध्येच मांडलं होतं की प्रोग्रॅम खऱ्या अर्थाने राहतो तो करणाऱ्याच्या समजुतीत. नुसत्या कागदांवरून तो पुन्हा उभा करता येत नाही. म्हणून समजूत माणसाकडून माणसाकडे जायला हवी. शहाणा डेव्हलपर ती मुठीत ठेवतो आणि पगारवाढीच्या वेळी मूठ आवळतो. त्याने रात्री दोनला येऊन सर्व्हर चालू केला की आपण सत्कार करतो. ज्याच्या सर्व्हरला रात्री दोनला कुणाची गरजच पडली नाही, त्याचं नाव मात्र कुणाला आठवत नाही. त्याचं नाव लक्षात ठेवणं हे मालकाचं काम आहे.

हा मूर्खपणा परवडेल का, असं विचारणाऱ्याने आपल्याच पट्ट्याचा इतिहास पाहावा. टेल्कोचा पुण्यातला कारखाना 1966 मधला. तिथून पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं 1977 मध्ये. मधल्या काळात टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी हत्यारं आणि डाय बनवण्याची, मुलांना शिकवण्याची घडी बसवली, उजाड माळावर झाडं लावली. अकरा वर्षं ट्रक न काढणारा ट्रकचा कारखाना! त्या पायावर आज आपण सगळे धंदा करतो आहोत.

तेव्हा पुढच्या मुलाखतीत कोडी घालू नका. एका शिफ्टचं हाताने भरलेलं रजिस्टर आणि एक रिजेक्ट झालेला पार्ट टेबलावर ठेवा आणि गप्प बसा. जो लगेच ॲप सुचवेल त्याला चहा पाजून निरोप द्या. जो रजिस्टर उलटंपालटं करून विचारेल, "हे भरतं कोण? त्यांना भेटता येईल का?" त्याला तडक फ्लोअरवर न्या. आणि पगार हिंजवडीत शहाण्यांना मिळतो तेवढाच द्या. मूर्ख आहे म्हणून स्वस्तात मिळेल, ही समजूत मात्र साफ चुकीची आहे.