घासू वस्ताद

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडीचं हेड उतरवणारे मिस्त्री पुष्कळ. उतरवलेलं हेड पुन्हा चढवायची ज्याला अजिबात घाई नाही, असा एखादाच. पोरं त्याला वस्ताद म्हणतात. गिऱ्हाइकंही वस्तादच म्हणतात. तिसऱ्या दिवसापासून त्यापुढे आणखी काहीबाही जोडतात.

रेडिएटरमध्ये बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर, डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं ऑइल, अशा अवस्थेत जीप दारात येते. ‘हेड पॅकिंग गेलंय,’ वस्ताद सांगतो आणि दुपारपर्यंत हेड खाली घेतो. इथवर त्याचा हात कुणालाही लाजवील. मग ब्लॉकच्या फेसवर चिकटून बसलेलं जुनं पॅकिंग दिसतं आणि त्याचा चेहरा खुलतो.

आधी ऑइलच्या आणि पाण्याच्या वाटा चिंध्यांनी बुजवायच्या. चिंध्या मोजून घालायच्या, मोजून काढायच्या. एक जास्त निघाली तर आधीच्या मिस्त्रीचा उद्धार, एक कमी निघाली तर पोऱ्याचा. मग पॅकिंगवर रॉकेल सोडून ते मऊ होईतो थांबायचं. कोरडं खरवडायचं नाही, कारण जुन्या पॅकिंगांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ छातीत बसते. हे आरोग्यशिक्षण वस्ताद चार पावलं लांब जाऊन, विडी ओढत देतो.

हत्यार म्हणजे हॅक्सॉच्या पात्याचा धार लावलेला तुकडा. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकवर तो चालतो. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला लावला की पोऱ्याच्या पाठीत धपाटा. तिथं लाकडाची पट्टी आणि सबुरी.

शेजारचा तरुण मिस्त्री हटकून सुचवतो, “वस्ताद, ग्राइंडरला चकती लावा की. धा मिंटात चकाचक!”

“आनि त्यो भुगा बेरिंगात गेला, तर काढायला तू येणार व्हय रं?”

बोलणं तिरकं, पण म्हणणं खरं. चकतीचे कण ऑइलबरोबर बेरिंगात शिरतात आणि नुकतं बांधलेलं इंजिन खातात. शिवाय फेसवर खळगे पडतात आणि नवं पॅकिंग तिथूनच गळतं.

बोल्टांच्या भोकांतलं पाणी-ऑइल तो गुरांच्या डॉक्टरांकडून मागून आणलेल्या सिरिंजनं ओढतो. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, तर ऑइल काही दबत नाही, ब्लॉकच तडकतो. ही माहिती तो सिरिंज हातात धरून सांगतो, तेव्हा ऐकणाराच एक पाऊल मागे सरतो.

संध्याकाळी फेसवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घालून बघायचं. ०.०५ मि.मी.ची पात खालून कुठेच सरकत नाही. दुसऱ्या कुणीही हेड बसवलं असतं. वस्ताद डोळे मिटून अंगठा फिरवतो.

“हितं कायतरी लागतंय.”

बाकी कुणालाच काही लागत नाही. हेड उद्यावर जातं.

हाच माणूस चहाच्या कपावर काळा अंगठा उमटवतो. हिशेबाच्या वहीतले आकडे ग्रीसखाली गेलेले असतात. शर्टाचा मूळ रंग बहुधा बायकोलाच ठाऊक असावा. देवानं दिलेली सगळी स्वच्छता त्यानं ब्लॉकवर खर्चून टाकली आहे.

अखेर टॉर्क पाना निघतो. मधल्या बोल्टापासून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्यानं आवळत हेड बसतं. बिलात पॅकिंग, ऑइल, कूलंट, मजुरी. घासण्याचा उल्लेख नाही. “त्येचं काय पैसं घ्यायचं, मालक?” तो ओशाळून म्हणतो. फोन करकरून दमलेले मालक उलट काही कापून घ्यायच्या विचारात असतात.

त्यानं बसवलेलं पॅकिंग गळल्याची तक्रार घेऊन कुणी परत आल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा तुमच्या जीपचं पॅकिंग गेलं तर खुशाल त्याच्याकडेच न्या. फक्त त्या आठवड्यात घरात लग्न असेल, तर वऱ्हाडासाठी दुसरी गाडी आधीच ठरवून ठेवा.