गृहीतक मागाहून

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, सरांना कुठल्या ना कुठल्या शाळेचं बोलावणं असतंच. सर फळ्यावर पाच चौकोन काढतात: निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. मधे बाण. टाळ्या, शाल, नारळ. नारळ घेऊन सर लॅबमध्ये परततात; चौकोन शाळेतच राहतात.

लॅबमधलं त्यांचं गृहीतक दोन शब्दांचं असतं: ‘टाकून बघ.’ मागच्या वर्षी जिवाणू 42 अंशांवर वाढवले, कारण आपला इन्क्युबेटर बंद होता आणि शेजारच्यांचा 42 वर लावलेला होता. त्यातून काहीतरी भलतंच निघालं. शोधनिबंधात मात्र ‘उष्णतेच्या ताणाचा परिणाम तपासण्यासाठी 42 अंश तापमान निवडले’ असं आलं. शेजाऱ्यांचे आभारही मानलेत, पण ‘उपयुक्त चर्चेबद्दल’.

1928 च्या सप्टेंबरात फ्लेमिंग सुट्टीवरून परतला आणि बुरशी लागलेल्या प्लेटकडे त्याने नीट पाहिलं, म्हणून सर कुणाला प्लेट टाकू देत नाहीत. कोल्ड रूममध्ये थप्प्या लागल्यात. पेनिसिलिन अजून निघालेलं नाही, वास निघतो. सेंट्रीफ्यूजला दसऱ्याला झेंडूचा हार असतो; त्याचं गृहीतक कुणी विचारत नाही.

शोधनिबंध हा प्रकारच फसवा नाही ना, असा प्रश्न पीटर मेडावर यांनी 1963 साली बीबीसीवरच्या भाषणात विचारला होता. त्यातली माहिती खोटी असते असं नव्हे. विचार कसा होत गेला याची हकीकत खोटी असते, असं त्यांचं म्हणणं. त्यांना 1960 सालीच नोबेल मिळालेलं होतं, त्यामुळे बोलायला हरकत नव्हती.

पण म्हणून सरांना कुणी लबाड समजू नये. आलेख मनासारखा आला की सरांचा चेहरा पडतो. ‘एवढं छान आलंय म्हणजे कुठेतरी घोळ आहे. कंट्रोल कुठाय?’ मग तोच प्रयोग तीनदा, तोही दुसऱ्याच्या हातून, कशाचा नमुना हे त्याला न सांगता. 42 अंशांचं प्रकरण या चरकातून आठ महिन्यांनी बाहेर पडलं, तेव्हा कुठे सरांनी लिहायला घेतलं.

परवा परीक्षकांचं पत्र आलं. ‘सर, ते विचारतायत, 42 च का? 37 वर का नाही केलं?’

सर खूश. ‘वा! प्रश्न चांगला आहे. शेजारी जा आणि विचार, दोन दिवस 37 वर लावतील का.’